परतीच्या वाटेचा बट्टा : न्यूझीलंडमधील जुन्या अमेरिकी नाण्यांची पारख

जुन्या अमेरिकी नाण्याची किंमत अमेरिकेत ठरते आणि ते नाणे मात्र न्यूझीलंडमधल्या एखाद्या घराच्या कपाटात पडून असते. या एका विसंगतीतून इथल्या नाणेपारख्याच्या कामाचा बराचसा भाग उभा राहतो. अमेरिकेत १९४६ पासून निघणारी आणि लाल पुठ्ठ्यामुळे 'रेड बुक' याच नावाने ओळखली जाणारी आर. एस. योमन यांची मूल्यसूची न्यूझीलंडमध्येही मिळते, तिच्यात प्रत्येक नाण्यापुढे साल, टांकसाळ आणि प्रत यांनुसार आकडे छापलेले असतात, आणि नाणे घेऊन येणारा माणूस बहुधा त्यांतलाच एखादा आकडा मनाशी धरून आलेला असतो. तो आकडा खोटा नसतो. पण तो अमेरिकी दुकानदार अमेरिकी संग्राहकाला नाणे विकतो तेव्हाचा, म्हणजे किरकोळ विक्रीचा असतो, आणि ऑकलंड किंवा वेलिंग्टनच्या काउंटरवर ठेवलेल्या नाण्याला त्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचायचे झाल्यास टपाल, विमा, तपासणी, दलाली आणि वाट पाहणे या सगळ्यांचा खर्च वाटेत सोसावा लागतो. पेशवाईत चांदवडी, अंकुशी, हाली सिक्का असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच बाजारात फिरत असताना सराफ परमुलखातल्या रुपयावर जो बट्टा घेत असे, म्हणजे दर्शनी किमतीतून जी वजावट करत असे, तिच्याच जातीची ही वजावट आहे. नाणे ओळखणे वर्षा-दोन वर्षांत शिकता येते. बट्टा किती धरावा आणि तो गिऱ्हाइकाला कसा समजावून सांगावा, हे शिकायला पुष्कळ अधिक काळ लागतो.

ही नाणी या देशात कशी आली हे ठाऊक असल्याखेरीज डब्यात काय निघू शकेल याचा अंदाज बांधता येत नाही. १८३० च्या दशकात बे ऑफ आयलंड्समधल्या कोरोरारेका, म्हणजे आजच्या रसेल, या बंदरात अमेरिकी देवमासेमारी जहाजे येत, आणि १८३९ मध्ये जेम्स रेडी क्लेंडन हे तिथले अमेरिकी वाणिज्यदूत होते. परंतु त्या काळातले अस्सल अमेरिकी नाणे आज काउंटरवर जवळजवळ येतच नाही. १८६१ मध्ये ओटागोत गॅब्रिएल्स गलीला सोने सापडल्यावर कॅलिफोर्नियात हात बसलेले खाणकरी इकडे आले, पण सोन्याचे नाणे कुणी आठवण म्हणून डब्यात ठेवत नाही. खरा पुरवठा नंतरचा आहे. ऑगस्ट १९०८ मध्ये जगप्रदक्षिणेवर निघालेले अमेरिकी आरमार, ज्याला त्याच्या पांढऱ्या रंगामुळे 'ग्रेट व्हाइट फ्लीट' म्हणत, सोळा युद्धनौकांसह ऑकलंडला आठवडाभर थांबले. आणि १२ जून १९४२ रोजी दुसऱ्या महायुद्धातले पहिले अमेरिकी सैनिक ऑकलंडला उतरल्यावर पुढची दोन वर्षे वेलिंग्टनच्या उत्तरेकडील पेकाकारिकी, ऑकलंडजवळचे वॉर्कवर्थ आणि पुकेकोहे अशा ठिकाणी त्यांच्या छावण्या होत्या. या दोन्ही प्रसंगी आलेल्या माणसांच्या खिशात जे होते तेच मागे राहिले, आणि मागे राहण्याचे कारण फारसे काव्यमय नाही. न्यूझीलंडमध्ये १९३३ पर्यंत ब्रिटिश नाणी आणि त्यानंतर स्वतःची पौंड-शिलिंगांची नाणी चालत असल्याने अमेरिकी नाणे इथे खर्चताच येत नव्हते. जी रक्कम बदलून घेण्याजोगी होती ती बदलली गेली, आणि बदलण्याच्या खटाटोपालाही जी पुरली नाही ती चिल्लर मैत्रिणीला, घरमालकिणीला किंवा शेजारच्या पोराला देण्यात आली. न्यूझीलंडच्या डब्यांत अर्धे डॉलर, पाव डॉलर आणि दहा सेंटांचे डाइम यांची गर्दी असते आणि मोठे नाणे क्वचित निघते, त्याचे मूळ इथे आहे.

आरमाराच्या वेळची नाणी म्हणून जी दाखवली जातात ती बहुधा 'बार्बर' प्रकारची असतात. चार्ल्स बार्बर या टांकसाळीतल्या मुख्य कोरक्याने १८९२ साली आणलेल्या या चांदीच्या डाइम, पाव आणि अर्ध्या डॉलरवर स्वातंत्र्यदेवतेचे मस्तक असून तिच्या कपाळावरच्या पट्टीत 'लिबर्टी' हा सात अक्षरी शब्द आहे. पाव आणि अर्ध्या डॉलरची पारख या पट्टीपासून सुरू होते, कारण ती नाण्याच्या उंच भागावर असल्यामुळे हाताळणीत सर्वांत आधी झिजते: सातही अक्षरे मंद का होईना वाचता आली तर नाणे एका प्रतीत बसते, तीनच उरली तर त्याच्या खालच्या प्रतीत, आणि पट्टी कोरी झाली असेल तर नेहमीच्या सालांच्या बाबतीत चर्चा धातूच्या भावावर येऊन थांबते. शंभर वर्षांहून जुने नाणे चांदीच्या भावाने जाते हे ऐकून माणसे नाराज होतात. वय ही किंमत नव्हे, एवढे साधे वाक्य त्यांना पटत नाही, आणि ते पटवण्यात फार शक्ती घालवू नये असे अनुभवान्ती वाटू लागते. त्यापेक्षा भिंग त्यांच्याच हाती देऊन अक्षरे मोजायला सांगणे बरे.

महायुद्धाच्या डब्याला मात्र सावकाश वेळ द्यावा लागतो, कारण तो दिसायला सर्वांत साधा आणि आतून सर्वांत मिसळलेला असतो. १९६४ पर्यंतच्या अमेरिकी डाइम, पाव आणि अर्ध्या डॉलरमध्ये ९० टक्के चांदी व १० टक्के तांबे असे. १९६५ च्या कायद्याने पहिल्या दोघांतली चांदी पूर्ण काढून टाकली आणि अर्ध्या डॉलरमध्ये ती ४० टक्क्यांवर आणून १९७० पर्यंत ठेवली. याच डब्यात न्यूझीलंडची १९४६ पर्यंतची चांदीची नाणी असतात, ज्यांत चांदी निम्मीच आहे, आणि इथला सहा पेन्सचा तुकडा व अमेरिकी डाइम आकाराने इतके जवळचे आहेत की वर्षानुवर्षे एकत्र राहून काळवंडल्यावर घाईत ते एकाच ढिगात जातात. सहा पेन्सचे वजन २.८३ ग्रॅम आणि डाइमचे २.५ ग्रॅम असल्यामुळे हाताला सहा पेन्स भारी लागतो, तरी शुद्ध चांदी पहिल्यात जेमतेम १.४ ग्रॅम आणि दुसऱ्यात २.२५ ग्रॅम निघते. म्हणून आधी देश वेगळे करायचे, मग धातू, मग साल, हा क्रम मोडू नये.

या ढिगात पाच सेंटांची काही नाणी इतरांपेक्षा अधिक काळपट, तेलकट दिसतात आणि बहुतेक घरांत ती 'खराब झालेली' म्हणून बाजूला काढलेली असतात. निकेल हा धातू युद्धासाठी हवा असल्याने १९४२ च्या उत्तरार्धापासून १९४५ पर्यंत अमेरिकेने हे नाणे ५६ टक्के तांबे, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगॅनीज यांच्या मिश्रणातून पाडले, आणि पुढे ती परत गोळा करताना ओळखू यावीत म्हणून मागच्या बाजूला जेफरसनच्या घराच्या घुमटावर टांकसाळीचे अक्षर ठसठशीत मोठे उमटवले. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने स्वतःचे 'पी' हे अक्षर नाण्यावर घालण्याची ती पहिलीच वेळ. घुमटावर अक्षर दिसले की नाणे कितीही कळकट असले तरी ते चांदीच्या ढिगात टाकायचे.

हिशेब मग असा होतो. नव्या कोऱ्या ९० टक्के चांदीच्या एक डॉलर दर्शनी किमतीच्या चिल्लरीत ०.७२३४ ट्रॉय औंस शुद्ध चांदी असते (ट्रॉय औंस म्हणजे मौल्यवान धातूंसाठी वापरला जाणारा ३१.१ ग्रॅमचा औंस), वापरातल्या झिजेची घट धरून व्यापारात ०.७१५ हा आकडा घेतात. समजा डब्यात चार अर्धे डॉलर, अकरा पाव डॉलर आणि वीस डाइम आहेत: दर्शनी किंमत पावणेसात डॉलर, म्हणजे चांदी सुमारे ४.८३ औंस. सोबत युद्धकाळातली पाच सेंटांची सहा नाणी असतील तर प्रत्येकी ०.०५६ औंसांप्रमाणे आणखी सुमारे ०.३४ औंस मिळतो. हिशेबापुरता चांदीचा भाव न्यूझीलंडच्या चलनात औंसाला ५० डॉलर धरला तर सगळ्या डब्यातल्या धातूचे २५८ डॉलर होतात, आणि दुकानदार त्यातून आपला गाळा काढून देणार हे उघड आहे. मराठी गिऱ्हाईक हा हिशेब चटकन समजून घेते, कारण सराफाकडे मोड घालताना घट आणि बट्टा धरायची घराला सवय असते. ते पहिल्यांदा वजन विचारते, तर इथल्या जुन्या कुटुंबातला वारस पहिल्यांदा साल विचारतो. युद्धकाळातल्या चिल्लरीच्या बाबतीत मराठी प्रश्न बरोबर ठरतो.

बरोबर ठरतो, पण पूर्णपणे नव्हे, कारण याच चिल्लरीत एक नाणे असे आहे की ज्यासाठी प्रत्येक डाइम भिंगाखाली धरावा लागतो. १९४२ च्या डाइमचे काही ठसे तयार होताना १९४१ आणि १९४२ अशा दोन सालांची छाप त्यांच्यावर पडली, आणि त्यांतून निघालेल्या नाण्यांवर शेवटच्या '२' च्या डाव्या कडेला आधीच्या '१' चा उभा दांडा डोकावतो. फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर तो ठळक दिसतो, डेन्व्हरच्या नाण्यांवर अधिक बारकाईने पाहावे लागते. टोपीला पंख असल्यामुळे लोक ज्याला 'मर्क्युरी' म्हणतात, पण शिल्पकार अॅडॉल्फ वाइनमन याने प्रत्यक्षात स्वातंत्र्यदेवता म्हणूनच घडवले, असे हे नाणे झिजलेल्या अवस्थेतही चांदीच्या भावाच्या कितीतरी पट किमतीला जाते. १९४२ च्या जूनपासून इथे उतरलेल्या सैनिकांच्या खिशात नेमके त्याच सालचे सुटे पैसे असणे स्वाभाविक होते, त्यामुळे न्यूझीलंडमध्ये हा शोध अगदीच हवेतला नाही. अर्थात शोधणाऱ्याला तो सहसा सापडत नाही, आणि तरीही डाइमचा ढीग न पाहता तराजूत ओतणाऱ्याने या धंद्यात राहू नये.

संग्राहकाच्या दृष्टीने खरी गुंतागुंत एक डॉलरच्या मोठ्या नाण्यापासून सुरू होते. जॉर्ज टी. मॉर्गन याने कोरलेला आणि त्याच्याच नावाने ओळखला जाणारा चांदीचा डॉलर १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडला गेला, वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, शुद्ध चांदी ०.७७३४ औंस. त्याच्या मागच्या बाजूला गरुडाखालच्या पानांच्या तोऱ्याची गाठ आणि 'डॉलर' हा शब्द यांच्या मध्ये टांकसाळीचे अक्षर असते: 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, 'ओ' म्हणजे न्यू ऑर्लिन्स, 'सीसी' म्हणजे नेवाडातली कार्सन सिटी, 'डी' म्हणजे डेन्व्हर, आणि काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. मुंबईत पाडलेल्या पंचम जॉर्जच्या रुपयावर बारीक उंच ठिपका असतो आणि कलकत्त्याच्या रुपयावर तो नसतो, हे ज्या मराठी घरांतल्या जुन्या माणसांना माहीत आहे त्यांना हा प्रकार नवा वाटत नाही. १९२१ च्या फिलाडेल्फियाच्या मॉर्गन डॉलरची संख्या ४ कोटी ४६ लाखांहून अधिक आणि १८९३ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉलरची अवघी एक लाख. दोन्ही नाणी दोन हात अंतरावरून सारखीच दिसतात.

प्रत ठरवणे म्हणजे हे नाणे किती झिजले, किती खरचटले आणि त्याची मूळ चकाकी किती शिल्लक आहे, हे एका आकड्यात सांगणे. हा आकडा १ ते ७० असतो, आणि त्याची उत्पत्ती गमतीची आहे: विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये जुन्या अमेरिकी तांब्याच्या सेंटांसाठी ही मोजपट्टी मांडली तेव्हा सत्तर प्रतीचे नाणे एक प्रतीच्या नाण्याच्या सत्तर पट किमतीचे असावे अशी त्याची कल्पना होती. किमतींनी ते गणित केव्हाच सोडून दिले, मोजपट्टी मात्र राहिली. मॉर्गन डॉलरवर देवतेच्या कानावरची केसांची बट आणि गरुडाची छाती ही दोन ठिकाणे आधी पाहतात. बटेतल्या केसांच्या रेघा एकमेकींत मिसळून सपाट झाल्या असतील तर नाणे फिरलेले आहे. त्या सुट्या आणि टोकदार असतील तर नाणे दिव्याखाली सावकाश फिरवायचे आणि प्रकाशाचा पट्टा मध्यापासून कडेपर्यंत अखंड चाकासारखा फिरतो की कुठे अडखळतो ते पाहायचे. ही चकाकी वरून लावलेली नसते. ठसा मारताना धातू बाहेरच्या बाजूला वाहतो आणि त्या प्रवाहाच्या सूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उरतात, त्यांच्यावरून प्रकाश असा परततो. एकदा त्या घासल्या गेल्या की जगातली कोणतीही पॉलिश त्या परत आणू शकत नाही.

नेमके हेच नुकसान घराघरांत प्रेमाने केलेले आढळते. इथल्या घरांत चांदीच्या चमच्यांबरोबर नाणीही पॉलिशच्या फडक्याने पुसली जातात. आणि लक्ष्मीपूजनाला चांदीचा रुपया लखलखीत करून पाटावर मांडण्याची सवय असलेल्या मराठी घरांत तर दुकानात आणण्यापूर्वी टूथपेस्ट लावून नाणे घासणे हा नीटनेटकेपणाच समजला जातो. भिंगाखाली असे नाणे एकाच दिशेच्या शेकडो केसाएवढ्या ओरखड्यांनी भरलेले दिसते, त्याचा पांढरेपणा निर्जीव असतो, आणि संग्राहकाच्या बाजारात त्याची किंमत न पुसलेल्या, करड्या-निळ्या डागांच्या नाण्यापेक्षा बरीच उतरते. ही गोष्ट सांगताना आवाज खाली ठेवावा लागतो, कारण समोरची व्यक्ती बहुधा ती घासणारीच असते.

प्रत ठरली तरी दुर्मीळता ठरत नाही, आणि इथे मूल्यसूचीतला 'पाडलेल्या नाण्यांची संख्या' हा स्तंभ नवशिक्याला फसवतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात कागदी नोटा देऊन चांदीचे रुपये मागणाऱ्यांची गर्दी वाढली आणि सरकारकडची चांदी आटत चालली, तेव्हा अमेरिकेने एप्रिल १९१८ च्या पिटमन कायद्याखाली आपल्या तिजोरीतले २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले. त्यांपैकी सुमारे २५ कोटी ९० लाख डॉलरांची चांदी ब्रिटनला हिंदुस्थानासाठी विकण्यात आली आणि मुंबई व कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये झाले. अमेरिकी डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन शुद्ध चांदी आणि हिंदुस्थानी रुपयात १६५ ग्रेन, म्हणजे एका डॉलरच्या चांदीतून बरोबर सव्वादोन रुपये निघत. एकूण चांदी ५८ कोटी रुपयांच्या आसपास भरते. वितळवताना कोणत्या सालाची, कोणत्या टांकसाळीची किती नाणी गेली याची नोंद ठेवली गेली नाही, त्यामुळे कागदावर लाखोंनी पाडलेले एखादे साल प्रत्यक्षात विरळ असते आणि त्याचा पत्ता पाडलेल्या संख्येवरून लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पाडलेला मुंबईचा एखादा रुपया आणि मॉर्गन डॉलर एकाच पिशवीत घेऊन येणाऱ्या मराठी कुटुंबाला हे सांगितले की दोन नाण्यांकडे पाहण्याची त्यांची नजर थोडी बदलते, किंमत अर्थातच नाही.

उलट प्रकारही घडला. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर न वापरलेल्या स्थितीत मिळतच नाही असे दीर्घकाळ मानले जाई आणि १९६२ च्या सूचीत त्याच्यापुढे दीड हजार डॉलरचा आकडा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकी तिजोरीने जुन्या पिशव्या बाहेर काढल्या, त्यांत हीच नाणी भरून होती, आणि भाव कोसळला. न्यूझीलंडमध्ये आजोबांच्या संग्रहाबरोबर आजोबांची मूल्यसूचीही वारशात येते आणि ती कित्येकदा याच काळातली असते. तिचा उपयोग नाणे ओळखण्यापुरता करावा, आकड्यांसाठी नव्हे.

खोटी नाणी हा स्वतंत्र विषय असला तरी एका नाण्याचा उल्लेख टाळता येत नाही. चीनच्या व्यापारासाठी अमेरिकेने १८७३ पासून पाडलेला 'ट्रेड डॉलर' नेहमीच्या डॉलरपेक्षा किंचित जड होता आणि त्याच्या मागच्या बाजूवर '४२० ग्रेन, ९०० शुद्ध' असे स्वच्छ कोरलेले आहे. ४२० ग्रेन म्हणजे २७.२२ ग्रॅम. न्यूझीलंडची माणसे सुट्टीत आग्नेय आशियात जातात, तिथल्या रस्त्यावरच्या बाजारातून हे नाणे हौसेने आणतात, आणि वजनकाट्यावर ठेवले की ते स्वतःवरच्या लेखाला तिथल्या तिथे खोटे पाडते. वजन जुळले तर पाण्याची कसोटी घ्यायची: नाणे दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवल्यावर वजनात जी घट दिसते तिने मूळ वजनाला भागले की धातूची घनता कळते. ९० टक्के चांदीची घनता १०.३ च्या आसपास असल्याने खऱ्या मॉर्गन डॉलरचे वजन पाण्यात सुमारे २.६ ग्रॅमने घटते. तांबे-निकेलचा तेवढ्याच वजनाचा तुकडा तीन ग्रॅमने घटतो. पण ही कसोटी धातूची आहे, नाण्याची नव्हे. खऱ्या १८९३ च्या फिलाडेल्फिया डॉलरवर 'एस' चिकटवून केलेली लबाडी तिच्यातून सुखरूप पार पडते, आणि तिथे ठशाचेच ज्ञान उपयोगी येते: सॅन फ्रान्सिस्कोने त्या वर्षी पुढच्या बाजूसाठी एकच ठसा वापरला, त्यामुळे 'लिबर्टी'तल्या 'टी' अक्षराच्या माथ्यावर एक बारीक उंच रेघ प्रत्येक अस्सल नाण्यावर असायला हवी.

इतके झाल्यावर किंमत सांगायची, आणि त्याआधी एक प्रश्न विचारायचा की ती कशासाठी हवी आहे. विम्यासाठी हवी असेल तर नाणे हरवल्यास तसेच नाणे अमेरिकेतून मागवायला काय पडेल तो आकडा द्यावा लागतो, म्हणजे तिथली किरकोळ किंमत, टपाल, आणि इथला १५ टक्के वस्तू व सेवा कर. विकण्यासाठी हवी असेल तर वाट उलटी होते आणि प्रत्येक टप्पा वजावटीचा ठरतो. एकाच नाण्याच्या या दोन किमतींत दुपटीचाही फरक पडू शकतो आणि दोन्ही खऱ्या असतात. विम्याचा जुना कागद घेऊन विकायला आलेल्या माणसाला आपण लुबाडले जात आहोत असे वाटते ते त्यामुळे. वारसांत वाटणी करण्यासाठी किंमत हवी असेल तर प्रकरण तुलनेने सोपे, कारण न्यूझीलंडमध्ये १९९२ च्या अखेरीपासून मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर कर नाही. सरकारला दाखवण्यासाठी आकडा खाली ओढण्याचा मोह नसतो आणि भावंडांना एकमेकांशी समान तोलले म्हणजे पुरते. विकत घेणाऱ्या दुकानदाराला मात्र २००४ च्या जुन्या वस्तूंच्या व्यापाराच्या कायद्यानुसार परवाना लागतो आणि विकणाऱ्याची ओळख तपासून नोंदवावी लागते, याचे कित्येकांना आश्चर्य वाटते.

प्रत प्रमाणित करून घेणे हा मधला मार्ग आहे. १९८६ मध्ये सुरू झालेली पीसीजीएस आणि १९८७ मधली एनजीसी या अमेरिकी संस्था शुल्क घेऊन नाणे तपासतात, प्रतीचा आकडा देतात आणि ते सीलबंद पारदर्शक डबीत घालतात. अशा नाण्याला अमेरिकी गिऱ्हाईक न पाहता बोली लावते, म्हणजे बट्ट्याचा एक मोठा तुकडा गळून पडतो. पण न्यूझीलंडहून जाण्यायेण्याचे टपाल, विमा आणि शुल्क धरता नेहमीच्या सालाच्या मॉर्गन डॉलरची सगळी किंमत या प्रवासातच खर्च होते. पारख्याने 'पाठवू नका' असे सांगण्याचे प्रसंग 'पाठवा' सांगण्यापेक्षा कितीतरी अधिक असतात.

सोन्याच्या बाबतीत इथला कायदाही आड येतो. अमेरिकेचे जुने वीस डॉलरचे नाणे, ज्याला 'डबल ईगल' म्हणतात, ३३.४४ ग्रॅमचे आणि ९० टक्के सोन्याचे आहे; न्यूझीलंडमध्ये वस्तू व सेवा करातून सुटणाऱ्या गुंतवणुकीच्या सोन्याची शुद्धता किमान ९९.५ टक्के असावी लागते. त्यामुळे दुकानात मांडलेल्या डबल ईगलवर कर लागतो, शेजारच्या शुद्ध सोन्याच्या लगडीवर लागत नाही, आणि सोन्यात पैसे गुंतवायला आलेला माणूस लगडीकडे वळतो. उरतो तो संग्राहक, आणि या नाण्यांचे संग्राहक या देशात थोडे आहेत.

सगळे आकडे वजा जाणारे असतात असेही नाही. पेकाकारिकीच्या छावणीतून नोव्हेंबर १९४३ च्या टारावाच्या लढाईकडे गेलेल्या दुसऱ्या मरीन डिव्हिजनच्या एखाद्या सैनिकाने दिलेला अर्धा डॉलर, त्याचे पत्र, छावणीच्या दारात काढलेले छायाचित्र आणि सुट्या पैशांची पत्र्याची डबी असा संच एकत्र आला, तर अमेरिकेतला नाण्यांचा बाजार त्यातला फक्त अर्धा डॉलर पाहतो आणि त्याला चांदीचा भाव देतो, कारण १९४३ चा अर्धा डॉलर तिथे ढिगाने आहे. न्यूझीलंडमध्ये मात्र त्या दोन वर्षांची आठवण जपणारी कुटुंबे, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक आणि युद्धकालीन वस्तू जमवणारे लोक आहेत, आणि 'ट्रेड मी' या इथल्या लिलावाच्या संकेतस्थळावर असा संच नाव, ठिकाण आणि काळ यांसह मांडला की बोली नाण्यावर न लागता सगळ्या डबीवर लागते. इथे बट्टा उलट्या दिशेने चालतो. नाणे मायदेशी गेले तर तोटा होतो. म्हणून अशा वेळी मूल्यनिर्धारणाच्या अहवालात धातूची किंमत वेगळी लिहून, संच फोडू नये, पत्र व डबी नाण्यांपासून तोडू नयेत आणि विक्री न्यूझीलंडमध्येच करावी, अशी शिफारस खाली जोडली जाते.